दोरीच नाहीशी होते तेव्हा

अद्वैत वेदान्तात भ्रम समजावताना दोरी आणि साप हटकून येतात. शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्याच्या आरंभीच अध्यासाचा विचार मांडतात: पूर्वी पाहिलेलं काहीतरी भलत्याच ठिकाणी भासणं. या भ्रमात एक दिलासा असतो. उजेड आला की साप जातो, कारण दोरी जागच्या जागी असते. एक्सेलमध्ये रोज घडणारा अध्यास असा दिलासा देत नाही. सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक केलं की शून्याने सुरू होणाऱ्या खाते क्रमांकाची पुढची शून्यं गळतात. एक्सेल संख्येचे १५च सार्थ अंक सांभाळतं, त्यामुळे १६ आकडी कार्ड क्रमांकाचा शेवटचा आकडा शून्य होऊन बसतो. १२ आकडी क्रमांक १.२३४५७ई+११ असा दिसू लागतो, आणि फाइल तशीच पुन्हा सीएसव्हीत सेव्ह केली तर दिसत होतं तेवढंच उरतं. इथे भ्रम अधिष्ठानालाच, म्हणजे ज्यावर तो भासतो त्या मूळ वस्तूलाच, खातो. म्हणून माझं म्हणणं असं की, दोष अर्थ लावण्यात नाही, मूळ पुसून अर्थ लावण्यात आहे.

याची किंमत विज्ञानाने मोजली आहे. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट२’ ही मानवी जनुकांची चिन्हं एक्सेलला १ मार्च आणि २ सप्टेंबर वाटत. ही खोड २००४ मध्येच शोधनिबंधातून दाखवली गेली होती. तरीही २०१६ च्या एका पाहणीत, एक्सेलमधल्या जनुकयाद्या पुरवणीत जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्यात अशा चुका सापडल्या. अखेर जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये जाहीर केलेल्या नियमावलीत अशी चिन्हंच बदलली. ‘मार्च१’ चं ‘मार्चएफ१’ झालं. चूक पाहणाऱ्याची, आणि नाव बदलावं लागलं पाहिल्या गेलेल्याला.

यावर कोणी म्हणेल, शून्य हे नुसतं बाह्य रूप आहे; ००४५ आणि ४५ यांचं मूल्य एकच. तारखेच्या बाबतीत हा युक्तिवाद बराचसा टिकतो. एक्सेल तारीख आत एका क्रमांकाच्या रूपात ठेवतं. ती दिवस आधी की महिना आधी अशी दाखवावी, हा केवळ वेषाचा प्रश्न असतो. पण खाते क्रमांकाला मूल्य असतं कुठे? वैशेषिक दर्शनाच्या विचारवंतांनी संख्येला गुण मानलं, आणि दोनपासूनच्या संख्या अपेक्षाबुद्धीने, म्हणजे ‘हा एक, हा एक’ अशा मोजणाऱ्या जाणिवेने, उत्पन्न होतात असं सांगितलं. खाते क्रमांक कोणी काही मोजून काढलेला नसतो. अशा क्रमांकांची बेरीज किंवा सरासरी काढून कुणाच्या हाती काही लागत नाही. तो आकड्यांत लिहिलेला संकेत आहे, आणि संकेतात रूप हेच सार असतं. बॉस्टनच्या ०२१०८ या पोस्टल कोडातलं शून्य गेलं तर कोड लहान होत नाही, तो कोडच राहत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अर्थ लावल्याशिवाय वाचन होतच नाही. फाइलमधले बाइट्स अक्षरं म्हणून दिसतात तोही एक अर्थच. शिवाय बहुतेकांना आकडे आकडेच हवे असतात, त्यांच्या सोयीचं काय? हे मान्य करावंच लागतं. पण सगळे अर्थ एका तोलाचे नसतात. मजकूर म्हणून ठेवलेल्या ००४५ ची संख्या केव्हाही करता येते. ४५ वरून ००४५ होता की ०४५, हे कोणत्याही युक्तीने कळत नाही. जिथे खात्री नाही, तिथे परत फिरता येईल अशीच वाट धरावी. फाइल डबल क्लिकने न उघडता डेटा टॅबमधून आयात करायची, क्रमांकांचे कॉलम ‘टेक्स्ट’ ठरवायचे आणि मूळ फाइल वेगळी जपायची, या साध्या कृतींमागे हाच विवेक आहे. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये आपोआप होणारी रूपांतरं बंद करण्याची सोय दिली. मात्र ती बंद करण्याची जबाबदारी अजूनही वापरणाऱ्यावरच आहे. खरं तर ज्याला दुसऱ्याचं म्हणणं बदलायचं आहे, विचारण्याचं ओझं त्याच्यावर असायला हवं.