परक्या देवळाचा उंबरठा

2023 च्या आषाढीला पंढरीत एका वृद्ध माळकऱ्याने आम्हाला फडावर गाठलं. म्हणाला, "महाराज, गळ्यात तुळशीची माळ असताना तुम्ही म्हणे परदेशी ख्रिस्ती देवळात हात जोडले. मग अनन्यता कुठे राहिली?" कीर्तनाची वेळ झाली होती, टाळकरी उभे राहिले होते, उत्तर राहून गेलं. पण प्रश्न खरा आहे, आणि तो त्या एकट्याचा नाही. म्हणून इथे त्याचा विचार करू.

आमची नात जॉर्जिया देशात तिबिलिसी शहरी डॉक्टरकी शिकते. त्या वर्षीच्या वसंतात तिला भेटायला आम्ही गेलो. अंबड तालुक्यातल्या गोदाकाठच्या खेड्यातून निघालेला माणूस एकदम बर्फाच्या डोंगरांपुढे उभा! तो देश चौथ्या शतकापासून ख्रिस्ती. नीनो नावाच्या एका साध्वीने तिथे तो धर्म नेला. द्राक्षवेलीच्या काटक्या आपल्याच केसांनी बांधून तिने क्रूस केला, असं तिथले लोक सांगतात. पंथ ऑर्थोडॉक्स, म्हणजे रोमच्या पोपचा अधिकार न मानणारी पूर्वेकडची जुनी परंपरा.

तिबिलिसीजवळ म्त्सखेता म्हणून प्राचीन गाव आहे. तिथे दोन नद्यांचा संगम, आणि संगमावरच्या टेकडीवर सुमारे 1400 वर्षांचा मठ. नाव काय, तर ज्वारी! आम्हाला आपला जोंधळा आठवून हसू आलं. त्यांच्या भाषेत ज्वारी म्हणजे क्रूस. खाली गावात स्वेतित्सखोवेली नावाचं मोठं देऊळ आहे. आजची इमारत 1010 ते 1029 या काळातली. त्या नावाचा अर्थ जीवन देणारा खांब. खांब म्हटल्यावर वारकऱ्याला गरुडखांब आठवणारच.

दारातच अडचण आली. तिथली रीत आपल्या नेमकी उलट. आपण वहाणा काढतो, पागोटं ठेवतो. तिथे पुरुषाने डोकं उघडं करायचं, जोडे पायातच. उघड्या डोक्याने देवापुढे जायचं आमच्या जिवावर आलं. क्षणभर थांबलो. मग पागोटं काढून काखेत घेतलं. ते त्यांच्या घराचा मान म्हणून. वहाणाही काढल्या, त्या आमच्या संस्काराखातर. नातीने मोबाईल बाहेर काढला, तो आम्ही पिशवीत ठेवायला लावला. दिंडीत भजन रंगलेलं असताना कुणी तोंडाशी मोबाईल आणला म्हणजे काय वाटतं, हे आम्हाला पुरतं ठाऊक आहे.

आत रविवारची उपासना चालली होती. लोक उभेच, आपल्या कीर्तनात असतात तसे. वाद्य नाही, टाळ नाही. नुसते कंठ, पण तीन निरनिराळे स्वर एकमेकांत मिसळलेले. चित्रांनी भरलेली भिंत आणि तिच्यामागे त्यांचं गर्भगृह. बारीक मेणबत्त्या तेवत होत्या. आमचे हात जोडले गेले. ते आम्ही जोडले नाहीत, जोडले गेले.

शेवटी पवित्र रोटी आणि द्राक्षरसाचा प्रसाद देऊ लागले. आम्हीही सवयीने पुढे सरकलो. नातीने बाही ओढली. "आजोबा, हा आपल्याला नाही. ज्यांनी त्यांचा बाप्तिस्मा घेतलाय त्यांनाच." खरं सांगतो, मनाला लागलं. प्रसादाला कसला आला परका? असं पुटपुटतच होतो, तोच महाद्वारासमोरची चोखोबांची समाधी डोळ्यांपुढे आली आणि ओठ मिटले. 1947 साली साने गुरुजींनी दहा दिवस उपोषण केलं, तेव्हा कुठे अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेल्या बांधवांना विठ्ठलाचं दार उघडलं. आम्ही कोणत्या तोंडाने रुसावं?

इथे विवेक मात्र केला पाहिजे. दीक्षेचा नियम वेगळा आणि जन्माची आडकाठी वेगळी. त्यांची दीक्षा घेणाऱ्या कुणालाही तो प्रसाद मिळतो. चोखोबांच्या तर मुखी नाम होतं, तरी दार बंद! पहिल्या नियमाचा मान राखावा. दुसऱ्या आडकाठीची लाज बाळगावी.

बाहेर अंगणात एक साधू भेटले. नातीकडून आम्ही त्यांना सांगवलं, "तुमचा देव आणि आमचा विठोबा एकच." ते प्रेमाने हसले, आमचा हात हाती घेतला आणि हळूच नकारार्थी मान हलवली. रात्री विचार केला. एकत्व आमच्या अंतःकरणात खुशाल असो. पण ते दुसऱ्याच्या तोंडून वदवून घेण्याचा हट्ट कशाला? त्यांची निष्ठा आमच्या पोटात घालून मोकळं होणं, हाही एक अहंकारच.

आता मूळ शंका. अनन्य म्हणजे ज्याला दुसरा आश्रय नाही तो. दुसऱ्याचा आश्रय पाहताच जो तोंड फिरवतो, त्याला हा शब्द लागत नाही. पतिव्रता शेजारणीकडे हळदीकुंकवाला जाते, तिच्या यजमानांना वडीलकीने नमस्कार करते. त्याने पातिव्रत्य भंगत नाही. शेजारणीचं घर तिने आपलं म्हटलं नाही, की त्याची निंदाही केली नाही.

परक्याची निष्ठा ठेवीसारखी जपता येते. त्याच जॉर्जियाची केतेवान राणी धर्म सोडीना, म्हणून 1624 साली इराणात शिराझला हालहाल करून मारली गेली. पोर्तुगीज साधूंनी तिच्या अस्थींचा अंश गोव्यात आणला. पुढे जुन्या गोव्यातला तो मठ ढासळला. आपल्या पुरातत्त्व खात्याने त्या अवशेषांतून अस्थी शोधल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांची पारख झाली, आणि 2021 च्या जुलैत भारताने त्यातला भाग जॉर्जियाला सन्मानाने दिला. ज्यांनी ते जपलं त्यांचा धर्म कुठे बुडाला?

एक कबुली राहिली. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. त्यांचा पंथ निराळा, प्रोटेस्टंट. त्या बाजूने कीर्तनाला जाताना आयुष्य गेलं, पण तिथल्या प्रार्थनामंदिरात काय चालतं हे कधी विचारलं नव्हतं. एवढा लांबचा उंबरठा पाहिला आणि शेजारचा राहिला! परतल्यावर एका रविवारी गेलो. दारातल्या गृहस्थांनी ओळखलं. "या महाराज, बसा," म्हणाले. मराठीत प्रार्थना चालली होती. आम्ही मागे बसून ऐकली, आणि घरी येऊन सांजेचा हरिपाठ नित्याप्रमाणे केला. त्यातला एकही अभंग चुकला नाही, हे त्या माळकरीबुवांना नम्रपणे कळवतो.