खुणेची साक्ष

आर्वीच्या एका पोरानं घरच्या घरी मोटार बनवली. ती पहिल्याच दिवशी सुरू झाली, गल्लीत दोन फेऱ्याही मारून आली. पण ओझं भरलं की चढ काही चढेना. गोष्ट आहे ती त्या न चढण्याची.

घरी मोटार बनवण्याचं वेड महाराष्ट्राला जुनं आहे. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 साली आपली पहिली ‘मीरा’ उभी केली आणि पुढं वीसेक वर्षं ते ती सुधारत राहिले. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून लाथ मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, ती 2021 मध्ये देशभर गाजली आणि तिच्या बदल्यात महिंद्रांनी त्यांना बोलेरो दिली. आर्वीच्या पोराची झेप एवढी नव्हती. बाप कापूस-सोयाबीनवाला, पोरगा आयटीआयला मोटार मेकॅनिक झालेला. खताची पोती घरून शेतात आणि शेतमाल घरी, पांदणीनं नेता यावा, इतकीच अपेक्षा. तळेगावच्या पुढं सत्याग्रही घाटात गाडी चढवून पाहायची हौस होती, पण अशा गाडीचं आरटीओकडं पासिंग व्हायला मारामार, त्यामुळं ती हौस मनातच राहिली.

इंजिन नागपूरच्या भंगारातून आणलं. प्रीमियर पद्मिनीचं, 1089 सीसी, चार सिलिंडर. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून ज्या इंजिनानं लोकांना पन्नासेक वर्षं वाहून नेलं, तेच. गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल त्याच जातीचा मिळाला, चासी लोखंडी पाइपांची वेल्डिंग करून बनवली. इंजिनाची पुढची पुली फुटकी होती. भंगारवाल्यानं ढिगातून दुसरी काढून दिली. शाफ्टवर बसली, चावी बसली, पट्टाही बसला. कार्बोरेटर जुनाच, कॉइल नवी, डिस्ट्रिब्युटरला पॉइंट आणि कंडेन्सर नवे.

आता थोडं टायमिंगबद्दल, कारण पुढची सगळी भानगड त्याची आहे. पिस्टन वर येऊन पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो आणि प्लग ठिणगी टाकतो. ती ठिणगी पिस्टन अगदी टोकाला पोचल्यावर टाकून भागत नाही, थोडी आधी टाकावी लागते, कारण जाळ पसरायला वेळ लागतो. तीन हजार फेऱ्यांना एका मिलिसेकंदात क्रँक अठरा अंश फिरून जातो. ठिणगी उशिरा पडली तर पिस्टन खाली निघाल्यावर जाळ त्याच्या मागं धावतो, ताकद वाया जाते आणि उरलेली आग सायलेन्सरच्या वाटेनं बाहेर पडते. इंजिन तापतं, ओढत नाही. ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनवरच मार बसतो, इंजिन खडखडतं, आणि ओझ्याखाली तसंच चालवलं तर पिस्टनला भोक पडतं. जुन्या जीपचं हँडल मारताना ज्यांचं मनगट मोडलं त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून तर हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायला शिकवत.

पोरगा हे आयटीआयत शिकला होता. त्याच्याकडं टायमिंग लाइटही होता. एक नंबरच्या प्लगला ठिणगी गेली की हा दिवा लखकन पेटतो, आणि फिरत्या पुलीवरची, पिस्टनचं टोक दाखवणारी खूण त्या क्षणी कुठं आहे ते थांबल्यासारखं दिसतं. त्यानं कव्हरवरच्या काट्यासमोर खूण धरली, ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा डिस्ट्रिब्युटर फिरवून टोकाआधीचे दहा अंश लावले, त्याचा बोल्ट आवळला. टायमिंगचा विषय त्याच्या लेखी तिथं संपला.

मे महिन्यात डीएपीची सहा पोती भरून तो पांदणीनं निघाला. नाल्यातून वर निघणारा चढ फार नाही, पण इंजिन मधेच दमलं. तापमानाचा काटा लाल पट्टीत. रेस दिली तर आवाज वाढे, चाक नाही. संध्याकाळी पाहिलं तर एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड अंधारात लाल दिसत होता.

शेजारी म्हणाले, “बाप्पा, आर्वीचं ऊन हाय ते. माणूस तापते, तं इंजिन काऊन नाई तापणार?” विदर्भात उन्हाला दोष देणं सोपं असतं, कारण ऊन उलट बोलत नाही. पोरानं थर्मोस्टॅट काढून टाकला. मग मोठा रेडिएटर आणून बसवला. कार्बोरेटरचा जेट बदलला, व्हॉल्व्ह घासून बसवले, पेट्रोलचा पंप बदलून पाहिला. मोठ्या रेडिएटरमुळं काटा थोडा खाली आला, पण इंजिनात जोर काही आला नाही.

शेवटी बापानंच मिस्त्रीकाकांना बोलावून आणलं. हे जुने जीपवाले. हातात दिवा वगैरे काही नाही. इंजिन सुरू करायला लावलं, डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला केला, मान तिरकी करून ऐकत डबी हळूहळू फिरवली. इंजिनाचा आवाज बदलत गेला, भरत गेला, आणि एका जागी गायला लागल्यासारखा झाला. तिथून केसभर मागं घेऊन त्यांनी बोल्ट आवळला.

“ने आता.”

गाडी सहा पोत्यांसह चढ चढून गेली. बाप खूश. पोरानं मात्र परत आल्याबरोबर टायमिंग लाइट लावला आणि कपाळाला हात लावला.

“काका, तीस अंशावर लावून देल्लं तुमी! पुस्तकात दहा हाय. पिस्टन फुटन ना माझा.”

“पुस्तक चढ चढते का लेका? गाडी चढली का नाई?”

“गाडी चढली म्हणून चूक बरोबर होत नाई.”

“अन् दिवा लागला म्हणून बरोबर चालत नाई.”

दोघंही खरं बोलत होते, म्हणून भांडण मिटण्याची आशा नव्हती. गल्लीचे दोन पक्ष पडले. म्हातारे कानाच्या बाजूनं, पोरं दिव्याच्या. पोरानं टायमिंग परत दहावर आणलं, गाडी परत नाल्यात अडकली. दुसऱ्या दिवशी बापाच्या सांगण्यावरून काकांनी परत आपलं लावून दिलं. या वेळी पोरगा स्वतः चालवत होता आणि कान देऊन होता. चढाच्या मध्यावर, टॉप गिअरात, डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज आला.

“नॉक करून राह्यलं, काका.”

“पेट्रोलात भेसळ हाय,” काका म्हणाले.

मला या वाक्याची मोठी गंमत वाटते. पोरानं आधी रेडिएटरला आणि जेटला दोष दिला होता, काकांनी आता पेट्रोलला दिला. आपल्या खात्रीला धक्का लागू नये म्हणून माणूस किती लांबचा गुन्हेगार शोधून आणतो! आणि या दोघांत शिकलेला-न शिकलेला असा काही फरक पडला नाही.

पोराला आता डिस्ट्रिब्युटरचा संशय आला. शाफ्टचा बुश घासला असेल तर पॉइंटचा गॅप दर फेरीला बदलतो आणि टायमिंग हलतं. हा संशय चुकीचा नव्हता, जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये हे होतंच. बुश बनवायला तो बाजारातल्या लेथवाल्या काकांकडं गेला. जिनिंगच्या यंत्रांचे शाफ्ट आणि पंपांचे इंपेलर यांत त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी शाफ्ट बोटांत धरून हलवून पाहिला.

“याले काय धाड भरली? चांगला हाय बुश.”

पोरानं सगळं रामायण सांगितलं. दहा, तीस, नाला, मिस्त्रीकाका. लेथवाले काका मशीन बंद करून ऐकत होते.

“खूण कायवर हाय?”

“पुलीवर.”

“पुली त्याच इंजिनाची हाय?”

पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, “भंगारवाल्यानं देल्ली. बसली बरोबर.”

“बसली असन. पण पुली बसणं येगळं अन् खूण जाग्यावर असणं येगळं. तू सारं खुणेशी मोजून राह्यला. खूण कोणं मोजली?”

त्यांनी एक जुना प्लग घेतला, आतलं चिनीमातीचं काढून टाकलं, मधे आटे पाडले आणि एक लांब बोल्ट बसवून दिला. टोक गोल घासलं, पिस्टनला ओरखडा पडू नये म्हणून. याला पिस्टन स्टॉप म्हणतात. कामही त्यांनीच समजावलं. बॅटरीची वायर काढायची, चारही प्लग काढायचे, एक नंबरच्या भोकात हा स्टॉप लावायचा. मग सेल्फ न मारता, पान्यानं क्रँक हळू फिरवायचा. पिस्टन वर येऊन बोल्टाला टेकला की थांबायचं आणि काट्यासमोर पुलीवर खडूनं रेघ मारायची. मग उलट फिरवायचं. दुसऱ्या बाजूनं टेकला की दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मधे पिस्टनचं खरं टोक. पिस्टन टोकाशी आला की क्रँक बराच फिरतो तरी तो हललेला कळत नाही, म्हणून प्लगच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून अंदाजानं टोक शोधणारे हमखास चुकतात. दोन बाजूंनी टेकवून मध्य काढला की तो गोंधळ राहत नाही.

पोरानं मिस्त्रीकाकांनाही बोलावलं. हे त्याचं मला फार आवडतं. एकट्यानं मोजून, नंतर जिंकल्याच्या थाटात सांगायचा मोह कुणालाही झाला असता.

दोघांनी मिळून रेघा मारल्या. मध्य काढला. कागदाची पट्टी पुलीभोवती गुंडाळून घेर मोजला, तो 44 सेंटीमीटर भरला. म्हणजे एक अंश साधारण सव्वा मिलिमीटर. पुलीवरची जुनी खूण खऱ्या मध्यापासून 18 मिलिमीटर सरकलेली होती. पंधरा अंश.

पिस्टन टोकाला पोचायचा तेव्हा खूण अजून काट्याच्या अलीकडं असायची. त्यामुळं पोराचे ‘आधीचे दहा’ प्रत्यक्षात टोकाच्या नंतरचे पाच अंश होते. ठिणगी पिस्टन खाली निघाल्यावर पडत होती. इंजिन लाल होणार नाही तर काय होणार? दिव्यानं एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, खूण कुठं आहे तेवढं त्यानं इमानानं दाखवलं. खूण दुसऱ्याच कुठल्या इंजिनाची होती.

आणि काकांचे तीस? त्यातून पंधरा वजा केले तर पंधरा उरतात. पाहिजे होते दहा. अशा गोष्टींत म्हातारा मिस्त्री बहुधा जिंकतो, पण इथं तोही पाच अंशांनी चुकला. रिकाम्या इंजिनाला ठिणगी जरा जास्तच आधी आवडते, उभ्या गाडीत ते गोड वाजतं. ओझ्याखाली तेच पाच अंश नॉक करतात, आणि काकांनी टायमिंग उभ्या गाडीत लावलं होतं.

काकांनी आकडेमोड दोनदा करायला लावली. मग म्हणाले, “म्हणजे पेट्रोल चांगलंच होतं म्हनाव.”

पोरानं खऱ्या मध्यावर कानशीनं नवी खूण पाडली, तिच्यावर पांढरा रंग भरला आणि दिवा लावून दहा अंश धरले. या वेळी बोल्ट काकांनी आवळला. सहा पोती घेऊन गाडी नाला चढली. काटा मधे राहिला, खडखड झाली नाही, थर्मोस्टॅट परत बसवल्यावरही इंजिन तापलं नाही.

भंगारातलं इंजिन, मग ते पद्मिनीचं असो की जीपचं, ज्यांनी जोडायला घेतलं असेल त्यांनी टायमिंग लाइट लावण्याआधी पिस्टन स्टॉप लावावा. जुना प्लग, एक बोल्ट आणि अर्धा तास, याहून जास्त खर्च नाही. आर्वीच्या पोरानं जुनी खूण घासून साफ काढून टाकली, नाहीतर पुढचा मेकॅनिक पुन्हा तिच्यावरच विसंबला असता. मोठा रेडिएटर त्यानं विकायला काढला आहे. घेणारा अजून मिळालेला नाही.