चिन्हज्ञान आणि अर्थज्ञान

चिन्ह दिसणें आणि त्यावरून वस्तु कळणें या दोन क्रिया मनुष्याच्या मनांत इतक्या लागोपाठ घडतात कीं, त्या दोन आहेत याचें भान आपणांस सहसा राहत नाहीं. आभाळ भरून आलें म्हणजे आपण वाळवण आंत घेतों. ढग हें चिन्ह आणि पाऊस हा अर्थ, असा विचार करीत कोणी अंगणांत उभा राहत नाहीं. परंतु अलीकडे जीं शिकणारीं यंत्रें निघालीं आहेत, त्यांनीं या दोन क्रियांमधील सांधा उघडा पाडला आहे. चिन्हांचा व्यवहार बिनचूक करणाऱ्यास अर्थ कळला असें मानावें काय, हा एरवीं तर्कशास्त्राच्या तासापुरता असणारा प्रश्न आतां दवाखान्यांत, कचेरींत व शाळेंत येऊन उभा राहिला आहे. तो केवळ ज्ञानाचा प्रश्न नसून जबाबदारीचाहि आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

चिन्हमीमांसेचे आधुनिक प्रवर्तक म्हणून दोघांचीं नांवें घेतात. अमेरिकेंतील चार्ल्स पर्स (१८३९-१९१४) यांनीं चिन्हांचे तीन वर्ग केले. चित्र हें साम्यामुळें चिन्ह होतें. धूर हा अग्नीशीं असलेल्या प्रत्यक्ष संबंधामुळें. आणि शब्द हा केवळ संकेतामुळें. जिनीव्हाचे फर्दिनां द सोस्यूर (१८५७-१९१३) यांचीं व्याख्यानें त्यांच्या मरणोत्तर, १९१६ सालीं, प्रसिद्ध झालीं. त्यांचें म्हणणें असें कीं, शब्दाचें मूल्य तो इतर शब्दांहून कसा वेगळा आहे यावर ठरतें. हा विचार आपणांस अगदींच परका नाहीं. ‘गाय’ हा शब्द जें गाय नाहीं त्याची व्यावृत्ति करतो व तोच त्याचा अर्थ, असा अपोहवाद बौद्ध नैयायिक दिङ्नागानें पूर्वींच मांडला होता.

आजचीं भाषायंत्रें जणुं या मताच्या परीक्षेसाठींच निर्माण झालीं असावींत! त्यांस अफाट मजकूर पुरवितात, आणि प्रत्येक ठिकाणीं पुढचा शब्द कोणता असेल तें ओळखावयास लावतात. चूक झाली कीं आंतील आंकडे किंचित् सरकवितात. असें अगणित वेळां झालें म्हणजे ज्या शब्दांची संगत सारखी, ते शब्द त्या आंकड्यांच्या जगांत एकमेकांजवळ येऊन बसतात. वस्तूचें मुखहि न पाहतां, केवळ शब्दांच्या परस्परभेदांतून एवढें मोठें जाळें विणतां येतें, हें आश्चर्य होय. आणि त्यास पोपटपंची म्हणून हिणविणें हा विचाराचा आळस होय. आपणहि पुष्कळ गोष्टी शब्दांवरूनच जाणतों. ध्रुवप्रदेश किती जणांनीं पाहिला आहे? जन्मांध मनुष्य रंगांचीं नांवें योग्य ठिकाणीं वापरतो, तेव्हां त्याचें बोलणें आपण निरर्थक मानीत नाहीं.

मग उणें काय राहिलें? याचें उत्तर शोधतांना आपल्या मीमांसकांचें एक जुनें उदाहरण उपयोगी पडतें. मूल भाषा कशी शिकतें? एक वडील मनुष्य दुसऱ्यास म्हणतो, ‘गाय आण’. तो गाय आणतो. पुढें ‘गाय बांध’, ‘घोडा आण’ असे शब्द पडतात. कोणता शब्द घातला, कोणता काढला, आणि त्याबरोबर कृतींत काय बदललें, हें पाहत पाहत मुलास एकेका शब्दाचा अर्थ लागतो. या प्रसंगांत बोलणारा आहे, ऐकणारा आहे. पण त्यांच्याइतकीच महत्त्वाची अशी खुद्द गाय अंगणांत उभी आहे. आज्ञेप्रमाणें काम झालें कीं नाहीं याची साक्ष ती देते. भाषायंत्रास वाक्यांचे हे फेरफार कोट्यवधि मिळाले. अंगण मात्र मिळालें नाहीं.

यावर कोणी म्हणेल, यंत्रास डोळे द्या म्हणजे झालें. ते आतां देण्यांतहि आले आहेत. परंतु डोळे असून भागत नाहीं. शिकणाऱ्याला ‘चुकलास’ असें कोण सांगतो, यावर सारें अवलंबून असतें. शब्द ओळखण्याचा पहिला पाठ संपल्यावर या यंत्रांस दुसरा पाठ देतात, तो असा : यंत्रानें दिलेल्या उत्तरांपैकीं कोणतें अधिक चांगलें तें माणसें ठरवितात, आणि त्यांच्या पसंतीकडे यंत्र वळविलें जातें. येथें गाय साक्ष देत नाहीं. वडिलांचा चेहरा देतो.

चेहरा वाचून शिकण्याचें एक प्रसिद्ध उदाहरण बर्लिनमध्यें घडलें. फोन ओस्टेन नांवाच्या निवृत्त शिक्षकानें आपल्या हान्स नामक घोड्यास गणित शिकविलें होतें. प्रश्न विचारला कीं घोडा उत्तराइतके वेळां टाप आपटी. १९०४ सालीं मानसशास्त्रज्ञ कार्ल स्टुम्फ यांच्या नेतृत्वाखालीं तज्ज्ञांनीं चौकशी केली, आणि यांत लबाडी नाहीं असा निर्वाळा दिला. तो खराच होता. पुढें स्टुम्फ यांचे शिष्य ऑस्कर फुंग्स्ट यांनीं नवी युक्ति योजिली : प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था केली, किंवा तो घोड्यास दिसणार नाहीं असें केलें. तत्काळ घोड्याचें गणित आटोपलें! टापांची संख्या बरोबर होतांच विचारणाऱ्याच्या मस्तकाची नकळत अल्पशी हालचाल होई. हान्स ती पाहून थांबत असे. चिन्ह त्यानें अचूक वाचलें होतें. पण तें संख्येचें चिन्ह नव्हतें, माणसाच्या समाधानाचें होतें.

ही गोष्ट कौतुकाची म्हणून सांगून मोकळें होतां येत नाहीं. न्यूमोनियाच्या रोग्यांपैकीं कोणास मृत्यूचा धोका अधिक, हें वर्तविण्यासाठीं १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत कांहीं गणनपद्धतींस जुन्या नोंदींवरून शिकविण्यांत आलें. त्यांतील एकीनें नियम काढला कीं, ज्यास दमा आहे त्यास धोका कमी. ही हकीकत रिच कॅरुआना व त्यांचे सहकारी यांनीं २०१५ सालीं सविस्तर मांडली आहे. नियम नोंदींशीं जुळत होता. कारण दमेकऱ्यास न्यूमोनिया झाला कीं डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागांत नेत, आणि त्या तत्पर शुश्रूषेमुळें तो वांचे. म्हणजे ‘दमा’ हें चिन्ह यंत्राच्या लेखीं दुबळ्या फुप्फुसाचें राहिलें नाहीं; तें डॉक्टरांच्या दक्षतेचें झालें. हान्सप्रमाणें त्यानेंहि रोग न वाचतां चेहरा वाचला. या नियमावर विसंबून एखाद्या दमेकऱ्यास घरीं पाठविलें असतें, तर ज्या दक्षतेमुळें तो आंकडा उतरला होता तीच नाहींशी झाली असती. ज्या पद्धतीचे अंदाज अधिक बिनचूक ठरत होते, परंतु जिच्या पोटांत असे आणखी किती नियम दडले असतील तें दिसत नव्हतें, तीहि त्या कामीं वापरली नाहीं. माझ्या मतें हा विवेक त्या यंत्राच्या शोधाइतकाच थोर होय.

आम्हां अध्यापकांस हा प्रकार पाहून नवल वाटण्याचें कारण नाहीं. ‘गाइडा’तील उत्तर घोकून पहिल्या वर्गांत उतरणारा विद्यार्थी परीक्षकाचा चेहराच वाचीत असतो. प्रश्नाची भाषा थोडी फिरविली, कीं तो हान्ससारखा गोंधळतो. दोष त्याचा एकट्याचा नव्हे. ज्या विद्येंत वस्तूला साक्षीसाठीं कधींच बोलावीत नाहींत, तेथें शिकणारा, मग तो मांसाचा असो वा लोखंडाचा, साक्ष देणाऱ्याचीच मर्जी शिकणार.

विचारणाऱ्यास उत्तर ठाऊक असेल तोंवरच हान्स बरोबर येत असे. आपण यंत्राकडे जातों तें मात्र नेमकें उत्तर ठाऊक नसतें तेव्हां. ज्या ठिकाणीं त्याची चूक आपल्या ध्यानांत येण्याचा संभव सर्वांत कमी, त्याच ठिकाणीं आपण त्यावर सर्वांत अधिक भार टाकतों. येथेंच ज्ञानाचा प्रश्न नीतीचा प्रश्न बनतो.

मराठींत ‘शब्द देणें’ म्हणजे वचन देणें. शब्द आणि त्यानें दाखविलेली वस्तु यांची गांठ तुटली, तर जाब मजकडे मागा, अशी हमी त्या प्रयोगांत आहे. यंत्र शब्द पुरवितें, परंतु शब्द देत नाहीं. जाब द्यावयास त्याच्यापाशीं गमावण्यासारखें कांहीं नाहीं. म्हणून यंत्राचा शब्द जो रोग्यापुढें, अर्जदारापुढें वा विद्यार्थ्यापुढें ठेवतो, त्यानेंच तो दिला असें समजलें पाहिजे. ‘यंत्र असें म्हणालें’ हें त्याचें उत्तर होऊं शकत नाहीं. त्याच्या प्रामाणिकपणाचीहि ढाल येथें पुरणार नाहीं. फोन ओस्टेनहि प्रामाणिकच होता. त्याचें कर्तव्य फुंग्स्टनें करून दाखविलें आहे : विचारणाऱ्याचा चेहरा झांकावा, आणि मग उत्तर टिकतें कीं नाहीं तें पाहावें. एवढे श्रम ज्यास करावयाचे नसतील, त्यानें दुसऱ्याच्या जीवाचा प्रश्न यंत्रास विचारूं नये.