माहितीचा सातबारा

प्रश्नमंजूषा ही आता आपल्या सार्वजनिक जीवनातील नित्याची गोष्ट झाली आहे. शाळेचे स्नेहसंमेलन असो, गणेशोत्सवाचा मंडप असो वा महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम असो, भाषणे आणि अल्पोपाहार यांच्या मध्ये प्रश्नमंजूषेचा एक तास हवाच. गिझाचा मोठा पिरॅमिड कोणत्या राजाचा, जपानी पुष्परचनेस काय म्हणतात, दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' कोणत्या साली पडद्यावर आला, असे प्रश्न एकामागून एक येतात आणि खुफू, इकेबाना, १९१३ अशी उत्तरे मुले घंटेवर हात मारून देतात. पालकांना कौतुक वाटते, परीक्षक गुणांची बेरीज करतात आणि तास आनंदात संपतो.

या आनंदावर विरजण घालण्याचा माझा हेतू नाही. परंतु एक प्रश्न मनात घोळत राहतो. एखादी गोष्ट माहीत असणे आणि त्या गोष्टीशी आपले काही नाते असणे, यांत अंतर किती? आणि माहिती झाली म्हणजे आपल्यावर काही उत्तरदायित्व येते की नाही?

प्रथम या खेळाची उजवी बाजू मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. आपल्या देशात खुल्या प्रश्नमंजूषेची सुरुवात नील ओब्रायन यांनी १९६७ साली कलकत्त्याच्या एका चर्चच्या सभागृहात केली, असे मानले जाते. पुढे हमीद सयानी आणि त्यांच्यानंतर अमीन सयानी यांच्या आवाजाने ती रेडिओवरून घरोघरी नेली. १९८५ साली सिद्धार्थ बसूंनी दूरदर्शनवर 'क्विझ टाइम' आणले, आणि २००० साली 'कौन बनेगा करोडपती' सुरू झाल्यावर तर ज्ञान आणि नशीब यांची सांगडच घातली गेली. मुंबईचे हर्षवर्धन नवाथे त्या वर्षी पहिले कोट्यधीश ठरले. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे यांनी तेथेच एक कोटी रुपये जिंकले. त्या शाळेतील मुलांसाठी खिचडी शिजवत असत. त्या खुर्चीत बसणाऱ्याला कोणी कुळ विचारले नाही, घरची श्रीमंती विचारली नाही. जे ठाऊक आहे तेवढेच मोजले गेले. ज्या समाजात विद्येचे दरवाजे शतकानुशतके निवडक लोकांसाठीच उघडत होते, त्या समाजात ही समता लहानसहान नव्हे. पाढे, पावकी, निमकी तोंडपाठ करणाऱ्या पिढीने स्मरणशक्तीला कमी लेखणेही बरे नव्हे.

तरीही या खेळाची एक रीत विचार करायला लावते. प्रश्नमंजूषेत फेऱ्या असतात : एक इतिहासाची, एक जगातील संस्कृतींची, एक चित्रपट-संगीताची. सोयीसाठी केलेली ही वाटणी हळूहळू आपल्या मनातही रुजते. सुधीर फडके हे नाव घ्या. ते हमखास मनोरंजनाच्या फेरीत येते. 'गीतरामायणा'चे संगीतकार कोण? बाबूजी. गीते किती? छप्पन्न. पहिले गीत केव्हा प्रसारित झाले? १ एप्रिल १९५५, पुणे आकाशवाणी. सगळी उत्तरे बरोबर. मग इतिहासाच्या फेरीत विचारले जाते की सिल्वासा कधी मुक्त झाले, आणि २ ऑगस्ट १९५४ हे उत्तरही बरोबर येते. परंतु हे दोन दिवस एकाच माणसाच्या आयुष्यात अवघ्या आठ महिन्यांच्या अंतराने आले, हे मात्र दोन फेऱ्यांच्या मधल्या फटीत हरवते. मुक्तिसंग्रामाला पैसा उभा करण्यासाठी पुण्याच्या हिराबागेत लता मंगेशकरांचा कार्यक्रम ठेवण्यात आला, त्यामागे बाबूजींचीच धडपड होती. त्या मोहिमेत बाबासाहेब पुरंदरे होते आणि अनेक भाषांचे कोशकार विश्वनाथ नरवणेही होते. म्हणजे गायक, इतिहासाचा अभ्यासक आणि भाषेचा अभ्यासक ही माणसे आपापल्या फेरीत बसून राहिली नाहीत. त्यांच्या जगण्यात सूर, इतिहास आणि शब्द एकच होते. फेऱ्या आपण पाडल्या.

राज्य शासनाच्या महसूल खात्यात आयुष्य गेल्यामुळे मला या बाबतीत सातबाऱ्याची उपमा सुचते. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जमिनीच्या धारकाचे नाव असते. घाईत असलेला माणूस तेवढे वाचून कागद घडी करतो. पण जाणकार माणूस नावाशेजारचा वर्तुळातील आकडा पाहतो. तो फेरफाराचा क्रमांक. फेरफाराच्या नोंदवहीत गेले म्हणजे कळते की हे नाव वारसाने लागले, खरेदीने लागले की कुळ म्हणून लागले. त्याही पुढे 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. कोणाचा बोजा आहे, कोणाचा विहिरीत हिस्सा आहे, कोणाची वाट बांधावरून जाते, हे तेथे लिहिलेले असते. फेरफार आणि इतर हक्क न पाहता जमीन घेणारा पुढे कज्ज्यात अडकतो, हे खेड्यातला कोणीही सांगेल. प्रश्नमंजूषेतील उत्तर हे सातबाऱ्यावरचे नुसते नाव आहे. ते खोटे नसते, अपुरे असते.

आपल्या या भूमीचेच उदाहरण पाहू. एका दिवसासाठी पंतप्रधान झालेला सनदी अधिकारी कोण, हा प्रश्न देशभरच्या प्रश्नमंजूषांत मोठ्या हौसेने विचारला जातो. उत्तर आहे, के. जी. बदलानी. श्रोते हसतात आणि पुढचा प्रश्न येतो. या उत्तराचा फेरफार मात्र सात वर्षांचा आहे. १९५४ ते १९६१ या काळात हा प्रदेश पोर्तुगालचा उरला नव्हता आणि कायद्याने भारताचाही झाला नव्हता. वरिष्ठ पंचायत येथील कारभार चालवीत होती. शेवटी तिने भारतात विलीन होण्याचा ठराव केला. त्या करारावर पंडित नेहरूंच्या सहीसमोर कोणीतरी राज्याचा प्रमुख या नात्याने सही करणे आवश्यक होते, म्हणून बदलानींना ते पद देण्यात आले. घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१ पासून हा प्रदेश भारताचा झाला. ज्या गोष्टीवर आज हशा पिकतो, ती गोष्ट येथील माणसांनी सात वर्षे धीर धरून मिळवली होती.

दुसरे उदाहरण आपल्याला, म्हणजे मराठी माणसांना, थोडे टोचणारे आहे. नगर हवेली कोणी मुक्त केली, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते योग्यच आहे. पण नगर हवेली पोर्तुगीजांना मिळाली कशी, हा प्रश्न आपल्या कार्यक्रमांत मी क्वचितच ऐकला. १७७२ साली मराठी आरमाराकडून 'सांताना' या पोर्तुगीज जहाजाचे नुकसान झाले. पुढे १७७९ चा तह झाला, आणि भरपाई म्हणून, तसेच मैत्री टिकावी म्हणून, पेशव्यांच्या दरबाराने बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांकडे लावून दिली. १७८३ आणि १७८५ साली त्याच्या सनदा निघाल्या. म्हणजे मुक्तीचे श्रेय ज्या वंशावळीत आहे, त्याच वंशावळीत देण्याची नोंदही आहे.

गंमत अशी की १९५५ साली पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला तेव्हा सारा वाद या फेरफारावरच येऊन ठेपला. दावा होता वाटेच्या हक्काचा. दमणहून या गावांत यायला भारताच्या हद्दीतून वाट मिळाली पाहिजे, असे पोर्तुगालचे म्हणणे. तहसीलदारापुढे बांधावरच्या वाटेचा तंटा यावा तसाच हा तंटा, फक्त वादी-प्रतिवादी राष्ट्रे होती. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. मराठ्यांनी पोर्तुगीजांना दिला तो सरंजामी स्वरूपाचा वसुलीचा हक्क होता, सार्वभौम मालकी नव्हे, हे न्यायालयाने मान्य केले. पुढे इंग्रजी अमलात पोर्तुगालची सत्ता गृहीत धरली गेली, म्हणून खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना तो नव्हता, आणि भारताने आपले कर्तव्य मोडले नाही. एका 'सरंजाम' या शब्दाचा अर्थ काय, यावर जगातील विद्वान न्यायाधीश बसले होते. ज्या घरांत हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या बोलला गेला, त्या घरांतील मुलांना या खटल्याचे नावही ठाऊक नसावे, हे काही भूषण नव्हे.

आता 'इतर हक्क' या रकान्याकडे वळू. वसुली १७८३ साली एकाकडून दुसऱ्याकडे गेली, तेव्हा ज्यांच्या कष्टातून ती वसुली यायची त्या वारली, कोकणा, धोडिया माणसांना कोणी विचारले नव्हते. पोर्तुगीज काळात 'अलवारा' म्हणून जमिनी बहाल झाल्या तेव्हाही विचारले नाही. मुक्तीनंतरही जमीन सुधारणेचे विनियमन यायला १९७१ साल उजाडले. २०११ च्या जनगणनेनुसार दादरा आणि नगर हवेलीच्या लोकसंख्येत निम्म्याहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत. प्रश्नमंजूषेत मात्र ते 'तारपा हे वाद्य कोणती जमात वाजवते' एवढ्या एका प्रश्नात उरतात. याच रकान्यात आणखी एक नाव लिहिले पाहिजे. दादऱ्याच्या चौकीत १९५४ च्या जुलैत मारला गेलेला पोलीस अधिकारी अनिसेतो दो रोझारिओ. तो समोरच्या बाजूचा होता आणि आपला लढा न्याय्य होता. तरीही न्याय्य लढ्यातही कोणाचे तरी घर उजाडते, हे जाणण्यासाठी ते नाव माहीत असावे.

यावर कोणी म्हणेल, "अहो, हा खेळ आहे, त्यावर नीतीचे एवढे ओझे कशाला?" आक्षेप रास्त आहे. खेळाने खेळच राहावे. मुलाला इकेबानाचा अर्थ ठाऊक असला आणि जपानशी त्याचे काही देणेघेणे नसले, तर त्यात काहीच बिघडत नाही. अडचण तेथे येते जेथे आपली स्वतःची स्मृतीच खेळाचा आकार घेते. आपल्यापैकी काही घरे येथे मुक्तीच्या आसपास आली, काही नंतर नोकरी-व्यवसायानिमित्त आली. आता तिसरी पिढी शिकून मुंबईला, पुण्याला, परदेशी जात आहे. २०२० च्या २६ जानेवारीपासून तर हा प्रदेश दमण-दीवशी जोडला जाऊन एकच केंद्रशासित प्रदेश झाला, त्यामुळे जुनी नावे आणि तारखा आणखी मागे सरणार. या मुलांकडे या मातीचे जे काही उरेल ते चार पर्यायांतील एक बरोबर पर्याय एवढेच असेल, तर आपण त्यांना भूमी दिली नाही, भूमीचा पत्ता दिला. शिवाय बरोबर पर्याय शोधून देण्याचे काम आता खिशातले यंत्र क्षणात करते. माणसाकडे त्याहून वेगळे काही असायला हवे.

ते वेगळे काय, हे महाभारतातील यक्षाने सांगून ठेवले आहे. आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध प्रश्नमंजूषा त्या तळ्याकाठी झाली. युधिष्ठिराची सगळी उत्तरे बरोबर आली, परंतु कथा तेथे संपत नाही. यक्ष म्हणतो, चौघा भावांपैकी एकाला जिवंत करतो, कोण ते सांग. युद्ध समोर दिसत असताना युधिष्ठिर भीमाला मागत नाही, अर्जुनालाही मागत नाही. तो नकुलाला मागतो. कुंतीचा एक पुत्र मी उरलो आहे, माद्रीचाही एक उरावा, हे त्याचे कारण. खरी परीक्षा ही होती. आधीच्या उत्तरांत त्याने धर्म सांगितला होता. तो त्याला ठाऊकच होता की त्याचा होता, हे या निवडीने ठरले. 'इतर हक्का'च्या रकान्यातील माद्री त्याला आठवली, म्हणून चौघेही उठले.

म्हणून प्रश्नमंजूषा बंद करा असे मी म्हणणार नाही. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात ती जरूर व्हावी. दोन बदल मात्र सुचवावेसे वाटतात. एक, उत्तराला अर्धे गुण द्यावेत आणि उरलेले अर्धे 'हे असे कसे झाले' हे दोन वाक्यांत सांगणाऱ्याला द्यावेत. घंटा वाजवण्याची घाई त्यामुळे कमी होईल, आणि घरी आजी-आजोबांना विचारण्याची गरज वाढेल. दोन, एक फेरी अशी असावी की तिचे प्रश्न आपण काढायचे नाहीत. खानवेलकडच्या एखाद्या वारली किंवा कोकणा विद्यार्थ्याला ते काढू द्यावेत आणि उत्तरे देण्यासाठी आपल्या घरांतील मुले, हवे तर आपणही, बसावे. बहुतेक प्रश्नांना आपण निरुत्तर होऊ, असा माझा अंदाज आहे. पण या भूमीत राहायला येऊन इतकी वर्षे झाल्यावर शेजाऱ्याने विचारलेला प्रश्न ऐकून घेणे, ही सुरुवात काही वाईट नाही.