थॅनॉस आणि पाण्याचा ताळेबंद

सुपरहिरोंचे चित्रपट मी आवडीने पाहतो आणि त्यांना पोरकट म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी भांडतोही. माझी तक्रार वेगळी आहे. या चित्रपटांतल्या गर्दीकडे जरा नीट बघा. ती पळते, वर बघते, शेवटी टाळ्या वाजवते. शहर तिचं, संकट तिच्यावर. पण तिला कुणी काही विचारत नाही.

‘अ‍ॅव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’मधला (२०१८) थॅनॉस घ्या. त्याचं दुखणं खरं आहे: खाणारी तोंडं वाढली, साधनं तेवढीच. उपाय काय, तर चुटकी वाजवून निम्मी जीवसृष्टी नाहीशी करायची. नायक जिवाच्या आकांताने लढतात आणि पुढच्या वर्षी ‘एंडगेम’मध्ये उलट्या चुटकीने सगळ्यांना परत आणतात. मूळ प्रश्न जागच्या जागी. साधनं आहेत किती, वाटायची कशी, याचा हिशेब मांडायला कुणी बसत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात बसतात. गाव कमी पावसाच्या पट्ट्यातलं. पावसाची नोंद होते, विहिरींची पातळी मोजली जाते आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसाजनावरांचं पिण्याचं पाणी, उरेल ते शेतीला. पाऊस कमी, तर त्या वर्षी जास्त पाणी पिणारं पीक घ्यायचं नाही. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. यातलं एकही काम चुटकीसरशी होत नाही. दरवर्षी नव्याने करावं लागतं.

पण याचाही आपण सुपरहिरोपट करून टाकला. १९८९-९०मध्ये सरपंच झालेल्या पोपटराव पवारांचं कर्तृत्व मोठंच आहे. मात्र ‘एका माणसाने गाव बदललं’ म्हटलं की बाकीच्यांची सोय होते: आमच्याकडे असा माणूस नाही, विषय संपला! उसाचा पैसा दिसत असताना ऊस न लावणारा शेतकरी त्या फोटोत नसतो.

म्हणून मला चित्रपटांपेक्षा विज्ञानमालिका जवळच्या वाटतात, सगळ्या नव्हेत. ‘द एक्स्पान्स’ ही मालिका (२०१५ ते २०२२) बघा. सेरीस या लघुग्रहावर वस्ती आहे, तिला पाणी लागतं आणि त्यासाठी अंतराळातून बर्फ वाहून आणावा लागतो. पहिल्याच भागात बर्फ वाहणारं जहाज उडवलं जातं आणि वस्तीत पाण्यावरून असंतोष पेटतो. पाथर्डी-पारनेरकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. टँकर उशिरा आला की काय होतं, ते त्याने पाहिलेलं असतं. आणि मालिकेतले सर्वांत रंगलेले प्रसंग मारामारीचे नाहीत, तर साडी नेसणाऱ्या क्रिसजेन अवसरालाबाई बैठकीत समोरच्याची पिसं काढतात तेव्हाचे आहेत. वाद कंटाळवाणा असतो, असं आपल्याकडच्या लेखकांना कुणी सांगितलं कोण जाणे.

जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा मराठी घराघरांत नेली. पडद्यावर मात्र तिला फारशी जागा मिळाली नाही. ती द्यायची तर महागडे स्पेशल इफेक्ट लागतीलच असं नाही. साल २०८०, याच जिल्ह्यातलं एक गाव, विहिरीत तीन महिन्यांचं पाणी. ग्रामसभेत एकजण उठून म्हणतो, “माझ्या रानात, माझ्या पैशाने बोअर पाडतोय. तुमच्या बापाचं काय जातं?” त्याला उत्तर कोण देणार, इथून पहिला भाग सुरू करता येईल.