मला बघवत नाही

प्रत्येक गोतावळ्यात असा एक जण असतो. घरातलं कुणी दवाखान्यात भरती झालं की तो दिवसातून तीनदा फोन करतो, लागतील तेवढे पैसे पाठवतो, पण खोलीत पाऊल टाकत नाही. 'मला नाही बघवत,' म्हणतो. बाकीचेही त्याला बोल लावत नाहीत. उलट 'जीव फार हळवा आहे हो त्याचा' म्हणत त्याची बाजू घेतात.

असाच एक बाप सुमारे १९०० वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या निकोपोलिसला स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटसकडे आला होता. सरकारी अधिकारी. त्याची लहान मुलगी आजारी पडली तेव्हा तिच्याजवळ थांबणं सोसेना म्हणून तो घरातून निघून गेला, आणि पोरीला बरं वाटतंय असा निरोप येईपर्यंत परतला नाही. हे त्याने स्वतःच सांगितलं. वर, सगळ्याच बापांचं असं होतं, ते स्वाभाविकच आहे, अशी पुस्तीही जोडली. हा संवाद आपल्यापर्यंत आला तो एरियनमुळे. अलेक्झांडरच्या स्वारीचा इतिहास लिहिणारा तोच हा एरियन. तो एपिक्टेटसचा विद्यार्थी होता आणि गुरूचं बोलणं टिपून ठेवत असे.

एपिक्टेटस बापाला झापत नाही. नुसते प्रश्न विचारत जातो. आईचा जीव आहे ना मुलीवर? मग तिनेही निघून जायला हवं होतं का? दाईचा आहे ना? मुलांची ने-आण करणाऱ्या गड्याचा? मग त्यांनीही? म्हणजे जिच्यावर सगळ्यांचा जीव, तीच पोर एकटी पडायची, आणि मरायची वेळ आलीच तर जिव्हाळा नसलेल्यांच्या हातात मरायची. उद्या तुम्ही अंथरुणाला खिळलात, तर तुमच्या माणसांनी तुमच्यावर असलंच प्रेम करावं का? तसं असेल तर ते वैऱ्यांनीच करावं, निदान ते तरी लांब राहतील! म्हातारा खवचट होता, पण प्रश्न बिनतोड आहेत.

स्टोइक विचाराबद्दल हल्ली जे कानावर येतं त्याच्या हे बरोबर उलट आहे. मोबाइलवरच्या रील्समध्ये त्याचं सार एका वाक्यात उरकतात: जे आपल्या हातात नाही त्याचा विचार सोडा. मग साहेब, सासू, शेजारी, सगळे 'हातात नसलेल्या' खात्यात जमा होतात आणि स्टोइक म्हणजे लोकांचा ताप करून न घेणारा माणूस, असं समीकरण बनतं. त्या हिशोबाने तो पळालेला बाप पक्का स्टोइक ठरावा. मुलीचं बरं होणं त्याच्या हातात नव्हतं, तो बाजूला झाला. पण ताप हातात नसला तरी कपाळावरची ओली पट्टी होती. हातात काय आहे, हा प्रश्न एपिक्टेटस विचारतो तो त्या पट्टीसाठी.

इ.स.पू. ३०० च्या सुमारास स्टोइक पंथाचा संस्थापक झेनो याने अथेन्समध्ये शिकवायला सुरुवात केली तीही चौकातल्या एका चित्रांनी सजवलेल्या ओसरीत, बाजाराच्या गलक्यात. त्याच काळातल्या एपिक्युरस या तत्त्वज्ञाने आपल्या मित्रांसाठी बाग घेतली होती. स्टोइकांनी वर्दळ निवडली. शहाणपण, न्याय, धैर्य, संयम हे चार सद्गुण ते मानत. त्यातला न्याय तर समोर दुसरं माणूस असल्याशिवाय करताच येत नाही. (इथे स्थितप्रज्ञाची आठवण होणं साहजिक आहे, पण ती तुलना इतक्यांदा झाली आहे की मी ती बाजूलाच ठेवतो.)

एपिक्टेटसचा एक उपदेश मात्र अनेकांना चीड आणतो: मुलाचा पापा घेताना मनाशी म्हणा, की हे मर्त्य आहे. अभद्रच वाटतं ऐकायला. पण त्या बापाची गोष्ट शेजारी ठेवून वाचलं की मला त्याचा उपयोग दिसतो. ज्याने हे वाक्य चांगल्या दिवसांत मनाशी म्हणून ठेवलं आहे, तोच कदाचित वाईट रात्री उशाशी बसून राहू शकेल. जिथे माझं त्याच्याशी जमत नाही ती जागा वेगळी. शोक करणाऱ्याच्या सोबतीला जा, वेळ पडल्यास त्याच्याबरोबर कण्हा, पण आतून कण्हू नका, असंही तो सांगतो. आजारी आणि दुःखी माणसाला आतलं-बाहेरचं लगेच कळतं. हे ज्याने सांगितलं तो माझ्या दुखण्यात समाचाराला आला तर मी बिचकेन.

दुसऱ्या शतकातला हिरोक्लीस हा तसा कमी वाचला जाणारा स्टोइक. प्रत्येक माणसाभोवती वर्तुळं असतात, असं तो म्हणतो. मधोमध आपलं मन, मग घरचे, मग काका-मामा-आत्या, लांबचे नातलग, गावकरी, देशबांधव, आणि सर्वांत बाहेर सगळी मानवजात. बाहेरचं वर्तुळ ओढून आत आणत राहायचं, हे आपलं काम. त्यासाठी त्याची युक्ती भाषेची आहे: चुलत भावंडांना भाऊ-बहीण म्हणा, काका-मावश्यांना आईबाप म्हणा. मराठी माणसाला यात नवल काय वाटणार? आपल्याकडे चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ हे मुळातच भाऊ. 'माय मरो आणि मावशी जगो' म्हणणारी ही भाषा. रिक्षावाला दादा, भाजीवाली ताई. हिरोक्लीसची अर्धी शिकवण आपण बोलायला शिकता शिकताच घेऊन टाकलेली असते.

उरलेल्या अर्ध्याची पंचाईत आहे. घरी धुणंभांडी करणाऱ्या बाईंना आपण मावशीच म्हणतो, आणि त्यांचा चहाचा कप वेगळा ठेवतो. दवाखान्यात बेडपॅन देणाऱ्याही मावशी, स्ट्रेचर ढकलणारे मामा. शब्द आत आला, माणूस दाराबाहेरच राहिला. हिरोक्लीसला हे ऐकवायला हवं होतं, की नाव बदलणं हे त्याला वाटलं त्याहून फार स्वस्त असतं.

ज्याला 'बघवत नाही' तो निघून जाऊ शकतो, कारण रात्रपाळीच्या मावशी तिथे असतात. त्यांना बघवतं का, हे कुणी विचारत नाही. निकोपोलिसच्या त्या संवादातली दाई आणि गडी यांचीही गत तीच. अशी कामं तेव्हा बहुधा गुलामांकडेच असत, त्यांना घर सोडून जायची सोय नव्हती. एपिक्टेटस स्वतः अनेक वर्षं रोममध्ये गुलाम होता. म्हणूनच की काय, प्रेम कुणाकुणाचं आहे हे विचारताना तो या दोघांना आईच्या ओळीत बसवतो.

त्याच्याबद्दल आणखी एक हकिकत सहाव्या शतकातला भाष्यकार सिंप्लिकियस याने नोंदवली आहे. एपिक्टेटस बराच काळ एकटा राहिला. म्हातारपणी त्याच्या एका मित्रावर गरिबीमुळे आपलं मूल टाकून द्यायची वेळ आली. एपिक्टेटसने ते मूल घरी आणलं. तान्ह्याचं सगळं एकट्याने करणं होईना, म्हणून त्याला सांभाळायला एक बाई घरात घेतली. तिचं नाव सिंप्लिकियसने लिहिलेलं नाही.