भिंत दुसऱ्याची, घर आपले

इंझोरीसारख्या गावात ईद जवळ आली की घराला चुना लावण्यासाठी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. भिंत आपली, कोनाडा हवा तेथे कोरावा, खुंटी हवी तेथे ठोकावी. परंतु मुलांच्या शिक्षणासाठी वा रोजगारासाठी याच गावातून कारंजा, अकोला, अमरावती किंवा पुण्यास गेलेल्या कुटुंबाला भाड्याच्या दोन खोल्यांत पाऊल टाकतानाच ऐकावे लागते, की भिंतीला रंग लावायचा नाही आणि खिळा ठोकायचा नाही. गोष्ट वरकरणी क्षुल्लक वाटते, पण तिच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे. ज्या घरात आपण नमाज अदा करतो, रोजा सोडतो, मुले वाढवतो आणि ज्याचे भाडे वेळेवर चुकवतो, त्या घराच्या भिंतीवर आपला हक्क किती?

इस्लामी फिकहमध्ये भाड्याच्या व्यवहारास ‘इजारा’ म्हणतात. इजाऱ्यात वस्तू विकली जात नाही, तिचा उपयोग विकला जातो. भाडेकरूने विकत घेतला तो निवास. भिंत मालकाचीच राहते आणि भाडेकरूच्या हाती ती अमानत असते. ‘हिदाया’ या हनफी ग्रंथात याविषयी एक मार्मिक नियम आहे. घर राहण्यासाठी भाड्याने घेतले, तर त्यात काय काय करणार हे न सांगताही करार वैध ठरतो आणि राहण्याबरोबर येणारी कामे भाडेकरू करू शकतो. मात्र लोहार, कपडे आपटून धुणारा आणि दळण दळणारा यांना मालकाच्या संमतीवाचून तेथे बसवता येत नाही, कारण त्यांच्या कामाने इमारत दुर्बल होते. म्हणजे राहण्याने होणारी झीज क्षम्य आहे, पण मर्यादा ओलांडून केलेल्या हानीची भरपाई भाडेकरूवर येते.

आपल्या देशाचा कायदाही याच दिशेने बोलतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 108 नुसार वाजवी झीज वगळता घर जसे मिळाले तसे परत करणे हे भाडेकरूचे कर्तव्य आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 ज्या भागांना लागू आहे, तेथे मालकाच्या लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम करणारा भाडेकरू घर गमावू शकतो; मात्र लाकडी आडभिंत किंवा स्वयंपाकाचा ओटा यांस हा कायदा पक्के बांधकाम मानत नाही. मर्यादा आहे, तशी मुभाही आहे.

रंगाने भिंत दुर्बल होत नाही, हे खरे. परंतु मालकाच्या वस्तूचे रूप त्याला न विचारता बदलणे हा आपला अधिकार नव्हे. आणि करारात अट मान्य केली असेल, तर ती पाळणे मुसलमानावर बंधनकारक आहे. मालकाने आनंदाने होकार दिला, तर रंग अवश्य लावावा. तो होकार लिहून घ्यावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची शिकवण सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. लिहून घेण्यात अविश्वास नाही, उद्याच्या भांडणाचा प्रतिबंध आहे.

मग भाडेकरूने उघड्या, डागाळलेल्या भिंतींतच दिवस काढावेत काय? मुळीच नाही. अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा कोणी निषिद्ध ठरवली, असा प्रश्न सूरह आराफमध्ये विचारला गेला आहे आणि त्याच्या लगतच उधळपट्टीची मनाई आहे. सूरह नहलची 80 वी आयत तर या विषयाच्या गाभ्याला हात घालते. तेथे स्थिर घरांना विसाव्याची जागा म्हटले आहे. त्याबरोबरच मुक्कामाला आणि प्रवासाला हलकी पडणारी कातडी घरे, तसेच लोकर व केसांपासून बनणारे, ठरावीक काळापुरते उपयोगी पडणारे सामान यांचाही उपकार म्हणून उल्लेख आहे. भाडेकरूचे घर या तंबूच्या जवळचे आहे. त्याची शोभा उचलून नेता येईल अशी असावी.

उंबरठ्याशी स्वच्छ पायपोस, खिडकीला उजळ पडदा, जमिनीवर सतरंजी, उशांना एकाच रंगाचे अभ्रे, कुंडीत पुदिना किंवा तुळशीच्या जातीचा सब्जा, आणि फळीवर टेकवून ठेवलेली आयतीची चौकट एवढ्यानेही खोलीचे रूप पालटते. चिकटवायचे हुक निरुपद्रवी समजू नयेत. कच्च्या रंगावरून ते काढताना पोपडे निघतात. हजरत आयेशा (रजि.) यांनी लावलेल्या सचित्र पडद्याबद्दल प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नापसंती दर्शवली, तेव्हा त्या कापडाच्या उशा झाल्या. चित्रांविषयीचा आदेश तर त्यातून कळतोच, पण कापड फेकले गेले नाही हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

खरी परीक्षा घर सोडताना होते. खिळ्याच्या भोकात दंतमंजन भरून वरून पांढरा हात फिरवायचा आणि अनामत रक्कम मोजून घ्यायची, ही हुशारी अनेकांना ठाऊक आहे. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा प्रेषितांनी (स.) उघड केला आणि फसवणाऱ्यापासून आपला संबंध तोडला. ती रास आणि ही भिंत यांत फरक काय? भोक दाखवावे, भरपाई द्यावी किंवा माफी मिळवावी. तितकेच मालकालाही लागू आहे. वर्षांच्या वापराने फिकट झालेल्या रंगाचे निमित्त करून अनामत अडकवणे हे दुसऱ्याचे धन अन्यायाने खाणे होय, मग तो मालक रोज पहिल्या सफेत नमाज पढणारा का असेना.

शहरात घर शोधताना आपल्यापैकी अनेकांना नाव सांगताच नकार मिळतो. हा अन्याय आहे आणि एखाद्या भाडेकरूच्या निष्काळजीपणाने तो न्याय्य ठरत नाही. आपल्या वागणुकीने सर्वांची मने बदलतील, असेही वचन कोणी देऊ शकत नाही. तरीही अमानत जपायची, कारण ती प्रशस्तिपत्रासाठी जपायची नसते. कपाटामागची भिंत मालक पाहत नाही, अल्लाह पाहतो.

दुसऱ्याच्या छताखाली राहण्यात कमीपणा नाही. हिजरतीनंतर स्वतः प्रेषित (स.) काही महिने हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी राहिले. घराला घरपण मालकीच्या कागदाने येत नाही. त्यात राहणाऱ्यांच्या शिस्तीने, स्वच्छतेने आणि परस्परांच्या प्रेमाने येते. अल्लाह आपल्या घरांना शांती देवो आणि हाती आलेली प्रत्येक अमानत निष्कलंक परत करण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.